लहान घर, मोठा संसार

लहान घरातून मोठ्या घरात जाताना माणूस मुहूर्त पाहतो, वास्तुशांत करतो, आप्तेष्टांना जेवायला बोलावतो. मोठ्या घरातून लहान घरात जाताना ह्यांतले काहीच करण्याचा प्रघात नाही. तो प्रवास बहुधा मुकाट्याने होतो. कुणी विचारलेच, तर "आता आम्हाला एवढी जागा लागते कुठे?" असे सांगून विषय बदलला जातो. वस्तुतः विचार अधिक लागतो तो ह्या दुसऱ्या प्रवासाला. मोठे घर माणसाच्या पुष्कळशा चुका पोटात घालते. लहान घराच्या पोटात तेवढी जागाच नसते.

हा प्रवास मी चार वर्षांपूर्वी केला. मी वास्तुशिल्पज्ञ नव्हे, सुतार तर नव्हेच. सरकारी नोकरीत कागदांची व्यवस्था लावण्यात ज्याची वीस वर्षे गेली, असा एक गृहस्थ आहे. तेव्हा आज जे सांगणार आहे ते अधिकारवाणीने नाही. ठेच लागलेल्या माणसाने मागून येणाऱ्याला सावध करावे, त्या भावनेने सांगणार आहे. आमच्या घरात ठेच हा शब्द अक्षरशः खरा ठरला, हे पुढे येईलच.

आमचे जुने घर बंगळूरच्या मल्लेश्वरम भागात होते. मराठी माणसाला हा भाग अगदीच परका नाही. १६३८ साली विजापूरकरांनी बंगळूर घेतले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. ज्या काडु मल्लेश्वराच्या देवळावरून ह्या भागाला नाव मिळाले, त्या देवळाला शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे ह्यांनी गाव इनाम दिल्याचा १६६९ सालचा शिलालेख आहे. 'काडु' म्हणजे रान. रानातल्या त्या देवाभोवती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नवी वसाहत आखली गेली. १८९८ साली बंगळुरात प्लेग शिरला, जुन्या पेठेतल्या दाटीत माणसे मरू लागली, आणि मोकळ्या हवेत राहायला जावे म्हणून लोक ह्या नव्या वसाहतीकडे वळले. तेव्हा मल्लेश्वरमचा जन्मच मुळी 'जागा हवी' ह्या गरजेतून झाला आहे. सरळ आखलेले रस्ते, त्यांना छेदणारे क्रमांकांचे आडरस्ते, चाफ्यावरून आणि कडुनिंबावरून ठेवलेली रस्त्यांची नावे, पुढे बाग आणि मागे विहीर असलेली बैठी कौलारू घरे, असे ते गाव होते.

माझे आजोबा बेळगावाहून नोकरीनिमित्त इथे आले आणि असेच एक घर बांधून राहिले. लाल गिलाव्याची गुळगुळीत जमीन, पुढे लाकडी जाळीचा व्हरांडा, मागे फणस. तीन पिढ्यांनी त्या घरात वस्तू आणल्या. बाहेर नेल्याचे कुणाला आठवत नाही. पुढे वाटण्या झाल्या. मल्लेश्वरमच्या अनेक घरांचे झाले तेच आमच्या घराचे झाले. ते पडले, आणि आमच्या वाट्याला त्याच भागात तिसऱ्या मजल्यावरचा एक फ्लॅट आला. हे कुणाविरुद्ध गाऱ्हाणे म्हणून मी सांगत नाही. जमिनीचे मोल वाढले, कुटुंबे विभागली, की हे व्हायचेच. फ्लॅटमध्ये आम्ही चौघे राहायला आलो: माझी पंचाहत्तर वर्षांची आई, आम्ही पतिपत्नी आणि आमची शाळकरी मुलगी.

पहिली चूक आम्ही ही केली, की घर बदलले आणि सामान तेच ठेवले. "आधी सगळे नेऊ, मग सावकाश पाहू," असे मी म्हणालो. हे 'सावकाश पाहू' फार फसवे असते. पाच ट्रंका, आजोबांचे लिहिण्याचे मेज, जेवणाचे टेबल, तीन लोखंडी कपाटे, सागवानी झोपाळा, तांब्याचे हंडे, असे सगळे आत आले आणि माणसे त्यांच्या मधल्या फटींतून हिंडू लागली. आई पहिल्याच दिवशी म्हणाली, "अरे, इथं पाय कुठं ठेवायचा?" मी ते हसण्यावारी नेले. तिसऱ्या आठवड्यात एके रात्री ती पाणी प्यायला उठली, बोळात ठेवलेल्या ट्रंकेला अडखळून पडली आणि तिचे मनगट मोडले. ती ट्रंक आम्ही पाच वर्षांत एकदाही उघडलेली नव्हती. आत काय होते, तर जुने पडदे. आणि नव्या घराच्या एकाही खिडकीला ते लागणारे नव्हते.

त्या रात्रीनंतर मी विषयाकडे नीट पाहू लागलो. कचेरीत एखाद्या खात्याचा खर्च आटोक्याबाहेर गेला, की आधी आपण जमाखर्च मांडतो. तसाच मी जागेचा जमाखर्च मांडला. ही गोष्ट प्रत्येकाने घर बदलण्यापूर्वी करावी, म्हणून थोडी तपशिलाने सांगतो.

प्रथम जमेची बाजू. फ्लॅटचे क्षेत्रफळ सांगताना पूर्वी जिना, व्हरांडा, लिफ्ट ह्यांतला वाटाही त्यात धरीत, आणि घेणाऱ्याला आपल्या पायाखाली नेमके किती येणार ते कळत नसे. स्थावर मालमत्तेविषयीच्या २०१६ च्या केंद्रीय कायद्याने चटई क्षेत्राची व्याख्याच घालून दिली. घरातली वापरण्याजोगी जमीन आणि आतल्या भिंतींखालची जागा तेवढी त्यात येते. बाहेरच्या भिंती, सज्जा आणि उघडी गच्ची येत नाही. विचार करायचा तो ह्या आकड्याचा. आमचे चटई क्षेत्र ६४० चौरस फूट. त्यातून स्वयंपाकघर, न्हाणीघरे, बोळ आणि भिंती ह्यांचे १६० वजा केले, की राहण्या-झोपण्यासाठी ४८० उरले.

आता खर्चाची बाजू. साडेसहा फूट लांब व सहा फूट रुंद असा एक पलंग ३९ चौरस फूट जागा घेतो. दोन पलंगांचे ७८ झाले. तीन कपाटांचे मिळून १४. सोफा आणि दोन खुर्च्या ३९. जेवणाचे टेबल स्वतः १५ चौरस फुटांचे, पण खुर्ची मागे ओढायला दोन्ही बाजूंना अडीच-अडीच फूट मोकळे लागतात, तेव्हा प्रत्यक्षात ते ४० घेते. पाच ट्रंका ३०. मेज १२. झोपाळा मोठा लबाड. लटकताना त्याला १२ पुरतात, पण झुलायला ४८ हवेत. एकंदर बेरीज २६१. म्हणजे ४८० पैकी निम्म्याहून अधिक जमीन वस्तूंनी घेतली होती. ह्या बेरजेत दारे धरलेली नाहीत. तीन फुटी दार उघडताना जमिनीवर वर्तुळाचा चतुर्थांश आखते, आणि त्याचे क्षेत्रफळ सात चौरस फूट भरते. अशी पाच दारे म्हणजे पस्तीस चौरस फूट जागा, जिथे काहीही ठेवता येत नाही. आम्ही पुढे दोन दारे सरकती करून घेतली आणि चौदा फूट मिळवले. शहरात चौदा चौरस फुटांना काय पडते, ते श्रोत्यांना मी सांगायला नको.

हिशेब मांडला, की दुसरे काम निवडीचे. ह्या कामाला मी आमच्या अभिलेख कक्षाची पद्धत लावली. सरकारी कचेरीत प्रत्येक कागद जन्मभर ठेवीत नाहीत. काही फायली कायमच्या जपायच्या, काही ठरावीक वर्षे ठेवायच्या, आणि मुदत संपली की नोंद करून नष्ट करायच्या, अशी वर्गवारी असते. ती नसती, तर कचेऱ्यांत माणसांना बसायला जागा उरली नसती. घरातही तसेच तीन वर्ग करावेत. पहिला, रोज किंवा दर आठवड्याला हाताशी लागणाऱ्या वस्तूंचा. दुसरा, वर्षातून एकदा-दोनदा लागणाऱ्या वस्तूंचा: गणपतीचे मखर, पाहुण्यांची अंथरुणे, प्रवासाच्या पेट्या. तिसरा, ज्या वस्तू केवळ 'लागली तर' ह्या दोन शब्दांवर टिकून असतात त्यांचा. तिसऱ्या वर्गातल्या वस्तूवर तारीख लिहावी आणि वर्षभर वाट पाहावी. तोवर ती लागली नाही, तर ज्याला लागेल त्याला द्यावी.

पण इथे एक चौथा वर्ग आहे, आणि तो आमच्या अभिलेख कक्षात नाही. ज्या वस्तूचा उपयोग काही नाही, परंतु जिच्यात माणूस आहे, अशी वस्तू. आईच्या उतरंडीतल्या पितळी घागरी मी बिनउपयोगी म्हणून बाजूला काढल्या, तेव्हा ती काही बोलली नाही. दोन दिवस फक्त जेवण कमी झाले. मग माझ्या पत्नीच्या ध्यानात आले, की वस्तू कुणाच्या आहेत, त्याने निवड करावी, दुसऱ्याने नव्हे. आम्ही आईलाच विचारले. तिने सहा घागरींतली एक ठेवली आणि पाच स्वतःच्या हाताने पाच जणींना दिल्या. त्यांतली एक खालच्या मजल्यावरच्या कन्नड शेजारणीकडे गेली, आणि दर गुरुवारी आई ती पाहून येते. वस्तू टाकणे माणसाला जड जाते. देणे तितके जड जात नाही, कारण दिलेल्या वस्तूचा ठावठिकाणा राहतो. घर आवरायला निघालेल्या तरुण मंडळींनी एवढी गोष्ट ध्यानात ठेवावी, अशी माझी विनंती आहे.

निवड झाली, आता मांडणी. ह्या बाबतीत आपल्याला परदेशाकडे पाहण्यापूर्वी आपल्या आजीच्या घराकडे पाहता येईल. जुन्या मराठी घरात जमिनीवर कायमचे असे फारच थोडे असे. भिंती जाड असत, आणि त्या जाडीचाच उपयोग करून कोनाडे, देवळ्या आणि फडताळे काढलेली असत. खोलीचा एक इंचही न घेता सामान भिंतीच्या पोटात जाई. कपडे दांडीवर, पगड्या-टोप्या खुंटीवर, दूधदुभते शिंक्यावर, धान्य एकावर एक रचलेल्या उतरंडीत, आणि अंथरुणे सकाळी गुंडाळून घडवंचीवर. पाट भिंतीला टेकून उभे राहत आणि पानांच्या वेळी आडवे होत. त्यामुळे एकाच माजघरात सकाळी दळणकांडण, दुपारी जेवण, संध्याकाळी परवचा आणि रात्री निजानीज होई. जमीन मोकळी असे, म्हणून खोलीला एकच नाव चिकटत नसे. जेवणाची खोली, निजायची खोली, बसायची खोली ही फोड बंगल्यांबरोबर आली, आणि प्रत्येक खोलीचे लाकूडसामान तिच्या मागोमाग आले. बंगला गेला, लाकूडसामानाची सवय मात्र राहून गेली.

जपानी लोकांनी ही जुनी रीत फार जपली. त्यांची खोली सुमारे तीन फूट रुंद व सहा फूट लांब अशा 'तातामी' चटयांनी मोजली जाते. सहा चटयांची खोली म्हणजे अदमासे शंभर चौरस फूट. दिवसा तिथे एक बुटके मेज असते. रात्री भिंतीतल्या कपाटातून गाद्या निघतात आणि तीच निजायची खोली होते. आपल्या घडवंचीचे ते दूरचे भावंडच म्हणायचे. पण एवढे दूर जायलाही नको. आपल्या रेल्वेच्या डब्यातली मधली बर्थ आठवून पाहा. दिवसा ती तीन माणसांच्या पाठीमागची पाठ असते आणि रात्री एका माणसाचा बिछाना होते. एका वस्तूला दोन वेळांची दोन कामे दिली, की जागा आपोआप दुप्पट होते. आमचे जेवणाचे टेबल आता भिंतीला बिजागऱ्यांनी बसवलेली एक फळी आहे. जेवणाच्या वेळी ती खाली येते, मुलीच्या अभ्यासाला तीच चालते, आणि एरवी ती भिंतीला चिकटून उभी असते.

तिसरा विचार उंचीचा. आपण घर विकत घेतो चौरस फुटांवर, पण राहतो घनफुटांत. आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे राहत्या खोलीची उंची किमान २.७५ मीटर, म्हणजे नऊ फूट असावी लागते. दाराची चौकट सात फुटांची असते. म्हणजे दाराच्या डोक्यावर चहूकडे दोन फुटांचा एक पट्टा बहुतेक घरांत रिकामाच राहतो. आमची बैठकीची खोली बारा फूट लांब व दहा फूट रुंद आहे. तिच्या तीन भिंतींना दाराच्या उंचीवर एक फळी फिरवली, तेव्हा चौतीस फूट लांबीची फळी मिळाली. सामान्य पुस्तक इंचभर जाड धरले, तर एका फुटात बारा पुस्तके राहतात. चौतीस फुटांत चारशे. माझ्या बाराशे पुस्तकांपैकी चारशे मी ठेवली आणि उरलेली एका मराठी ग्रंथालयाला दिली. तिथे ती वाचली तरी जातात. मात्र पुस्तके जड असतात. पाऊण इंच जाडीच्या फळीला दर अडीच फुटांवर आधार द्यावा, नाही तर वर्षभरात तिला पोक येते.

उंचीइतकीच खोली महत्त्वाची. इथे खोली म्हणजे कपाटाची आतली खोली. वस्तूच्या मापाएवढेच कपाट खोल असावे, हा साधा नियम बहुतेक सुतार पाळीत नाहीत. हँगरवर कपडे लावायला दोन फूट खोली हवी. पुस्तकांना दहा इंच पुरतात. स्वयंपाकघरातल्या डब्यांना एक फूट. आमच्या घरी काम करणाऱ्या एका कारागिराने सगळीच कपाटे सवयीने दोन फूट खोल केली. परिणाम असा झाला, की डब्यांच्या मागे डबे गेले, मागच्या डब्यातली डाळ पुढच्या डब्याने लपवली, आणि घरात डाळ असताना दुसरी डाळ आली. दोन फूट खोल फळीवर एकामागे एक ठेवलेल्या दोन डब्यांपैकी मागचा डबा पुष्कळदा हरवल्यातच जमा असतो. पुढे आम्ही त्या फळ्या कापून निम्म्या केल्या आणि उरलेल्या लाकडाचे दाराआड एक उथळ फडताळ केले.

स्वयंपाकघराचा विषय निघाला म्हणून एक जुना प्रयोग सांगतो. १९२६ साली जर्मनीतल्या फ्रँकफुर्ट शहरात कामगारांसाठी घरे बांधली जात होती. तिथे मार्गारेट शुट्टे-लिहोत्स्की ह्या व्हिएन्नाच्या वास्तुशिल्पज्ञ बाईंनी एक स्वयंपाकघर आखले. सुमारे १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब, म्हणजे साडेसहा चौरस मीटरच्या आत. आगगाडीच्या भोजनगाडीतल्या चिमुकल्या मुदपाकखान्यापासून त्यांनी बोध घेतला होता. चिरण्याची फळी खिडकीखाली उजेडात, धुण्याची जागा तिच्याजवळ, धान्याचे खण नावांसकट भिंतीत, आणि प्रत्येक हालचाल किती पावलांची ते मोजलेले. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे त्या शहरात बांधली गेली. जगातले आजचे बांधीव ओटे आणि कपाटे ह्यांच्या वंशवृक्षाचे मूळ पुष्कळ अंशी तिथे सापडते.

ह्या प्रयोगातून घेण्यासारखे एक आणि टाळण्यासारखे एक आहे. घेण्यासारखे हे, की वस्तूची जागा तिच्या आकारावरून न ठरवता तिच्या वापरावरून ठरवावी. रोजचे ते कमरेपासून डोळ्यांपर्यंतच्या पट्ट्यात; आठवड्याचे ते त्याच्या वर-खाली; वर्षाचे ते माळ्यावर. आणि माळ्यावर काय आहे त्याची यादी माळ्याच्या दारालाच आतून चिकटवावी. ही सरकारी सवय असेल, पण तिने पुष्कळ शिड्या चढणे वाचते. टाळण्यासारखे हे, की ते स्वयंपाकघर एकाच व्यक्तीसाठी मापले होते. दुसरी व्यक्ती आत आली, की अडचण होई. आपल्या घरांत पुरणपोळी एकटीने होत नाही. एक लाटते, दुसरी भाजते, आणि तिसरी दारात बसून दोघींना सांगते. आमच्या घरी ही तिसरी जागा आईची आहे. तिच्यासाठी आम्ही ओट्याखाली ढकलता येणारे एक स्टूल ठेवले. ते नसते, तर स्वयंपाकघर आटोपशीर झाले असते आणि आई बाहेर राहिली असती.

आता एक इशारा. सामान भिंतीत, माळ्यावर, पलंगाच्या पोटात कोंबण्याच्या भरात हवा आणि उजेड ह्यांचा रस्ता अडवू नये. खिडकीच्या अर्ध्यावर येणारे कपाट खोलीला दिवसासुद्धा रात्र दाखवते. बाहेरच्या भिंतीला कपाट अगदी चिकटवू नये. दोन बोटे अंतर ठेवावे, नाही तर पावसाळ्यात ओल धरते, बुरशी येते आणि रेशमी वस्त्रांची माती होते. पेटीच्या पलंगातले कपडे वर्षातून दोनदा उन्हात घालावेत. मल्लेश्वरमच्या जुन्या घरांत आढ्याला झरोके असत आणि हवा खेळत राही. फ्लॅटमध्ये ती सोय नाही, म्हणून समोरासमोरच्या खिडक्यांमधली वाट मोकळी ठेवणे एवढेच हाती राहते.

श्रोतेहो, इतके ऐकून कुणाचा असा समज होऊ नये, की युक्त्या पुरेशा असल्या म्हणजे माणसाला जागा कितीही कमी चालते. हा समज धोक्याचा आहे. १९२० च्या दशकात मुंबईत सरकारने कामगारांसाठी वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाइल रोड इथे बीडीडी चाळी बांधल्या. तिथल्या एका खोलीचे क्षेत्रफळ १६० चौरस फूट. त्या खोलीत मराठी माणसाने तीन-तीन पिढ्यांचे संसार केले. माळे काढले, पलंगाखाली मुलांचा अभ्यास घेतला, गॅलरीत निजला, शौचालयाला रांग लावली. त्याच्या कल्पकतेला नमस्कार केला पाहिजे. पण कल्पकता करावी लागली, ह्याचे कौतुक करता कामा नये. राष्ट्रीय इमारत संहिता राहत्या खोलीला किमान ९.५ चौरस मीटर, म्हणजे १०२ चौरस फूट, आणि रुंदी किमान २.४ मीटर सांगते. ते आकडे एका खोलीचे आहेत, संसाराचे नव्हेत. चाळीतली माणसे तगली, कारण खोलीबाहेर गॅलरी होती, अंगण होते, शेजार होता. बंगळुरातही जुन्या काळी एका अंगणाभोवती आठ-दहा बिऱ्हाडांचे 'वठार' असत. मराठीतही वठार म्हणजे गावाचा एक भाग, आळी. घर लहान असले, की घराचा काही भाग बाहेर असावा लागतो, ही गोष्ट त्या शब्दातच आहे. नवीन इमारती बांधताना जिन्याच्या तोंडाशी चार माणसे बसू शकतील असा एक ओटा ठेवला, तर आतली खोली आपोआप मोठी वाटेल. आमची आई संध्याकाळी इमारतीच्या फाटकाजवळ प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसते. त्या चार चौरस फुटांचे भाडे कुणी घेत नाही, आणि घरातल्या चाळीस फुटांचे काम ते करतात.

जागेचा प्रश्न वृद्ध माणसाच्या बाबतीत वेगळा होतो, हेही आवर्जून सांगायला हवे. मघाशी मी जमिनीवरच्या अंथरुणाची स्तुती केली. परंतु सत्तरीनंतर जमिनीवरून उठणे ही कसरत असते. तेव्हा आईचा पलंग कायमचा उभा राहणार, हे आम्ही जमाखर्चात आधीच मांडून ठेवले. तो अरुंद केला, त्याची उंची बसल्यावर पाय जमिनीला पुरतील एवढी, म्हणजे दीड फूट ठेवली, आणि त्याच्या पोटात तिचे सामान ठेवले. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत तीन फुटांची वाट आता पूर्ण मोकळी असते. तिथे चप्पलही ठेवायची नाही, असा आमच्या घरात नियम आहे. त्या वाटेवर रात्रभर एक मंद दिवा असतो आणि न्हाणीघरात हाताला दांडी आहे. ट्रंकेने मोडलेले मनगट सहा आठवड्यांत बसले. ह्या वयात खुबा मोडला असता, तर बसला नसता कदाचित. जागा वाचवण्याच्या सगळ्या युक्त्या ह्या एका वाटेनंतर येतात. आणखी एक गोष्ट. आईला आणि मुलीला एकच खोली आहे. दोघींनाही आपापला एक बंद होणारा खण आहे, आणि त्याची किल्ली दुसऱ्या कुणाकडे नाही. दाटीत राहणाऱ्या माणसाला एवढा तरी कोपरा स्वतःचा हवा.

झोपाळ्याचे काय झाले, ते सांगायचे राहिले. झुलण्याचे अठ्ठेचाळीस फूट आमच्याकडे नव्हते. आईने बरेच दिवस काही सांगितले नाही. मग तिनेच सुचवले, की कड्या काढून ठेवाव्यात आणि पाट सज्जात बैठक म्हणून बसवावा. सहा फूट लांबीचा तो सागवानी पाट आता दोन उथळ पेट्यांवर ठेवला आहे. पेट्यांत पाहुण्यांची अंथरुणे असतात. दसऱ्याला इथल्या घरोघर बाहुल्यांच्या पायऱ्या मांडतात. शेजारणीच्या घरातल्या त्या पायऱ्या ट्रंकांवर आणि डब्यांवर चादरी घालून केलेल्या असतात आणि दहा दिवसांनी पुन्हा ट्रंका होतात. ते पाहून आईलाही हुरूप आला. गेल्या वर्षी गौरी त्या पेट्यांच्याच पायरीवर उभ्या राहिल्या.

त्या वेळी माझी मावशी बेळगावाहून आली होती. घर लहान झाल्यापासून "आता कुणाला ये म्हणावं?" असे आई म्हणे, आणि मला वाटते, तिला खरे दुःख होते ते ह्याचे. रात्री पेट्यांतून गादी निघाली, भिंतीवरची जेवणाची फळी वर गेली, आणि बैठकीच्या खोलीत दोघी बहिणी शेजारी शेजारी निजल्या. बारापर्यंत त्यांचे बोलणे चालले होते. सकाळी अंथरूण गुंडाळताना मावशी म्हणाली, "जागा पुरली की गं!" आई म्हणाली, "पुरवली, तेव्हा पुरली."